बटणं किती ते किट ठरवत नाही, खेळांची यादी ठरवते

परभणीहून एका गृहस्थांनी विचारलंय. सुताराकडून १८ मिमी प्लायचं आर्केड कॅबिनेट बनवून घेतलंय, बाहेरून रुंदी २४ इंच. आत जुना मॉनिटर आणि रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर बसणार आहे. दोन खेळाडूंचं किट आणलंय. त्यात प्रत्येकी एक जॉयस्टिक, आठ बटणं, शिवाय स्टार्ट आणि कॉइनची वेगळी. घरात आठ आणि अकरा वर्षांची लेकरं आहेत, आणि स्वतःला गल्लीतलं व्हिडिओ गेमचं दुकान अजून आठवतंय. प्रश्न असा, की सगळी बटणं लावायची का, ट्रॅकबॉल (हातानं फिरवायचा चेंडू) आणि स्पिनर (फिरवायची गोल मूठ) कुठं बसवायचे, आणि भोकं पाडण्याआधी काय काय ठरवायचं.

वाळूजला माझं कारखान्यांचे इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल बनवायचं वर्कशॉप आहे, आणि आर्केडचे पॅनेल मी हौसेनं आणि ओळखीपाळखीच्यांसाठी बनवतो. दोन्हीकडे गिऱ्हाईक आधी बटणांचं बोलतं. मी आधी मशीन काय काम करणार ते विचारतो. तुम्हीही किट बाजूला ठेवा आणि एका कागदावर खेळांची नावं लिहा. हजार खेळांची यादी नको. घरात खरंच पुन्हापुन्हा लावले जातील असे पंधरा-वीस. प्रत्येकापुढं दोन गोष्टी लिहा: जॉयस्टिकची दांडी किती दिशांची लागते आणि बटणं किती लागतात.

मी नमुना सांगतो. पॅक-मॅन, १९८०: चार दिशा, खेळायला बटण एकही नाही. डाँकी काँग, १९८१: चार दिशा, उडीचं एक बटण. गॅलागा: डावी-उजवी आणि गोळीचं एक. आपल्याकडे ज्याला सगळे ‘मुस्तफा’ म्हणायचे तो कॅपकॉमचा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३: आठ दिशा, मार आणि उडी अशी दोनच बटणं, दोन्ही एकदम दाबली की खास मार. मेटल स्लग: गोळी, उडी, बॉम्ब, म्हणजे तीन. किंग ऑफ फायटर्स ९७ आणि टेकन ३: चार-चार. मॉर्टल कॉम्बॅट: ब्लॉक धरून पाच. स्ट्रीट फायटर २, १९९१: सहा, वरच्या ओळीत तीन ठोसे, खालच्या ओळीत तीन लाथा.

आर्केडची ही यादी कितीही वाढवा, सहाच्या पुढं जायची वेळ क्वचित येते. किटमध्ये आठ असतात, कारण प्लेस्टेशनच्या रिमोटवर समोर चार आणि खांद्यावर चार बटणं असतात आणि किट विकणाऱ्याला सगळे गिऱ्हाईक हवे असतात. तुम्ही प्लेस्टेशनचे खेळ खेळणार असाल तर त्यासाठी यूएसबी रिमोट घ्या, ते खेळ रिमोटसाठीच बनलेत. पॅनेलवर प्रत्येकी सहा बटणं लावा. उरलेली चार डब्यात ठेवा, पुढं स्पेअर म्हणून कामाला येतील. जास्तीची दोन बटणं दिसायला भारी वाटतात, पण आठ वर्षांच्या लेकराला मुस्तफा खेळताना आठातली चालू दोन शोधत बसावं लागतं.

ट्रॅकबॉल आणि स्पिनरचंही हेच. ट्रॅकबॉल लागतो तो सेंटिपीड, मिसाईल कमांड आणि बॉलिंग-गोल्फसारख्या खेळांना. स्पिनर लागतो तो अर्कनॉइड आणि टेंपेस्टला. तुमच्या यादीत यातलं एखादंच असेल तर २४ इंचाच्या फळीची मधली सगळी जागा त्याला देऊ नका. ट्रॅकबॉलला खाली चांगली खोलीही लागते, आणि त्याची बॉडी नेमकी तिथं येते जिथून दोन्ही जॉयस्टिकच्या वायरी जायच्या असतात. वेगळ्या छोट्या लाकडी पेटीत बसवा, यूएसबीची वायर काढून ठेवा, लागेल तेव्हा पॅनेलवर आडवी ठेवून खेळा. रास्पबेरी पायला तो माउस म्हणून दिसतो, एमुलेटरच्या (जुने आर्केड खेळ कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये माउस चालू करावा लागतो एवढंच. माझं मत विचाराल तर पहिल्या कॅबिनेटला दोन्ही नकोत.

आता दांडी, कारण खरी भानगड तिथंच आहे. किटमधली जॉयस्टिक आठ दिशांची असते. आत चार मायक्रोस्विच, म्हणजे छोटे स्विच असतात, तिरकी नेली की दोन एकदम दाबले जातात. मारामारीच्या खेळांना तेच हवं असतं. पॅक-मॅनला ते चालत नाही: वळणावर दांडी जराशी तिरकी गेली की खेळाला एकाच वेळी दोन दिशा कळतात आणि पॅक-मॅन नको तिकडं जातो किंवा वळणच चुकवतो. लोक मग जॉयस्टिकला शिव्या देतात. मेम हा एमुलेटर चार दिशांच्या खेळात तिरकी दिशा आपल्या परीनं सांभाळून घेतो, तरी हाताला अडवणारं काहीतरी लागतंच. जॉयस्टिक उलटी करून बघा. खाली प्लास्टिकची चौकोनी खिडकी असलेली पट्टी दिसेल, तिला गेट म्हणतात. सान्वा या जपानी कंपनीच्या जेएलएफ मॉडेलमध्ये आणि त्याच्या बऱ्याच नकलांमध्ये हे गेट काढून ४५ अंशात फिरवून बसवता येतं; मग चौकोनाचे कोपरे वर-खाली-डावी-उजवीकडं येतात आणि तिरकी वाट बंद होते. काम दोन मिनिटांचं आहे, पण त्यासाठी पॅनेल खालून हाताला लागलं पाहिजे.

म्हणून पॅनेलची फळी स्क्रूनं कायमची ठोकू नका. मागच्या किंवा पुढच्या कडेला पियानो हिंज (लांब पट्टीसारखी बिजागरी) लावा, दुसऱ्या बाजूला दोन मॅग्नेट कॅच. फळी झाकणासारखी उघडली पाहिजे, आणि उघडल्यावर वायरी ताणल्या जाऊ नयेत एवढी ढील आत ठेवा. गेट फिरवणं, सुटलेला लग (वायरीच्या टोकाचा जोड) बसवणं, आत सांडलेला चहा पुसणं, सगळं त्यामुळं सोपं होतं.

तुमची फळी १८ मिमीची आहे, ती जॉयस्टिकला जाड पडते. खालून तशीच बसवली तर दांडीची १८ मिमी उंची लाकडातच जाते आणि वर गोळा बुटका राहतो, बोटं फळीला घासतात. दोन उपाय आहेत. सुताराकडं राउटर (लाकडात खड्डा कोरायचं मशीन) असेल तर जॉयस्टिकच्या पत्र्याच्या मापाचा खड्डा खालून पाडून तिथं ६ ते ८ मिमी लाकूड शिल्लक ठेवायचं. राउटर नसेल तर पॅनेलपुरती १२ मिमीची नवी फळी घ्यायची. कॅबिनेट १८ चं आहे म्हणून पॅनेलही १८ चं पाहिजे असं काही नाही. खड्डा पाडून उरलेल्या लाकडात लाकडी स्क्रू धरत नाहीत, तिथं वरून आरपार बोल्ट आणि खालून नट लावा. बोल्टची डोकी काउंटरसिंक करून वर सनमायका चिकटवला की दिसणारही नाहीत. सनमायका चिकटवल्यावर ते बोल्ट बदलता येणार नाहीत, त्यामुळं आधी जॉयस्टिक बसवून, जोर लावून हलवून बघा.

आखणीला कॉम्प्युटर लागत नाही. टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा फळीच्या मापाचा कापा, कॅबिनेटवर जिथं फळी येणार तिथंच ठेवा, उभे राहा. डावा हात दांडीवर असल्यासारखा धरा, उजवा हात सैल टाका. बोटं जिथं पडतील तिथं पेन्सिलीनं खूण करा. तर्जनी जरा खाली पडते, मधलं आणि त्याच्या बाजूचं बोट वर जातं. म्हणून चांगल्या पॅनेलवर तीन बटणांची ओळ सरळ नसते, पहिलं बटण खाली आणि पुढची दोन वर असतात. पट्टीनं सरळ ओळ मारली तर फोटोत छान दिसते आणि अर्ध्या तासात मनगट दुखायला लागतं. हीच खूण अकरा वर्षांच्या पोराच्या हातानंही करून घ्या. दोघांच्या खुणांमध्ये फार फरक आला तर पोराच्या बाजूनं झुका. मोठ्या हाताला जवळची बटणं चालतात, छोट्या हाताला लांबची चालत नाहीत.

मापं साधारण अशी धरा. ३० मिमीच्या दोन बटणांच्या मध्यबिंदूंत ३६ मिमी अंतर. त्याहून कमी केलं तर खालचे नट एकमेकांना अडतात. जॉयस्टिकच्या मध्यापासून पहिल्या बटणाच्या मध्यापर्यंत ८० ते ९० मिमी. पुढच्या कडेपासून खालच्या ओळीपर्यंत निदान ३ इंच मोकळे सोडा, तळहात टेकायला जागा पाहिजे. तुमच्या २४ इंचात, म्हणजे साधारण ६१० मिमीत, हे गणित बसतं: प्रत्येकाच्या वाट्याला ३०५ मिमी, दांडी डाव्या कडेपासून ६० वर, पहिलं बटण १४५ वर, तिसरं २१७ वर. दुसऱ्याची दांडी ३६५ वर येते. म्हणजे पहिल्याचं शेवटचं बटण आणि दुसऱ्याची दांडी यांत हातभर नाही, पण मूठभर जागा राहते. जॉयस्टिकचा पत्रा आणि बाजूच्या १८ मिमीच्या भिंती एकमेकांत येत नाहीत ना, ते मात्र पुठ्ठ्यावर बघून घ्या.

दोन लेकरांना एवढं पुरतं. दोन मोठी माणसं उभी राहिली तर कोपर कोपराला लागणार. दुकानातही तसंच लागायचं, त्यामुळं काहींना ते आवडतं. नको असेल तर फळी कॅबिनेटच्या बाहेर दोन्हीकडं दोन-दोन इंच काढा, २८ इंच करा. त्याआधी खोलीच्या दाराची चौकट मोजा. कॅबिनेट एका खोलीत बनवून दुसऱ्या खोलीत न जाणं ही सुतारकामातली जुनी गोष्ट आहे.

उंची: मोठा माणूस उभ्यानं खेळणार असेल तर जमिनीपासून फळी ३६ ते ३८ इंचांवर, आणि खेळाडूच्या बाजूला थोडा उतार. लेकरांसाठी उंची कमी करू नका. दोन-चार वर्षांत ती तुमच्या खांद्याला येतील आणि कॅबिनेट तेवढंच राहील. धाकट्याला उभं राहायला रुंद, न डुगडुगणारा पाट करून घ्या.

भोकं. इथं सुताराशी बोलताना मापाची गल्लत होते, कारण तो सुतात मोजतो. एका इंचाचे आठ सूत. अमेरिकन पद्धतीच्या बटणाचं भोक सव्वा इंचाहून एक सूत कमी, म्हणजे बरोबर नऊ सूत, २८.६ मिमी. जपानी पद्धतीचं बटण ३० मिमीचं, ते साडेनऊ सुताच्या जवळ पडतं. ‘नऊ-दहा सूत पाड’ म्हणालात तर तो दहा सुताचं, पावणेबत्तीस मिमीचं पाडून मोकळा होईल. बटण त्यातही बसतं, नट आवळला की धरतंही, पण महिनाभर ठोसे खाल्ल्यावर हलायला लागतं. तेव्हा किटमधल्या बटणाचा आट्यांचा भाग व्हर्नियरनं मोजा, त्याच मापाचा होल सॉ (गोल भोक पाडायची करवत) स्वतः विकत आणा आणि सुताराच्या हातात द्या. स्टार्ट आणि कॉइनची बटणं २४ मिमीची असतील तर तो दुसरा होल सॉ. जॉयस्टिकच्या दांडीलाही २४ मिमीचं भोक पुरतं, वरून डस्ट वॉशर (दांडीवरची गोल चकती) झाकून घेते. आधी रद्दी प्लायवर एक-एक भोक पाडून बटण बसवून बघा. मग फळीवर: सनमायका आधी चिकटवलेला, वर मास्किंग टेप, खाली रद्दी फळी घट्ट धरलेली. मधल्या बिटाचं टोक पलीकडं दिसलं की फळी उलटून दुसऱ्या बाजूनं पूर्ण करायचं, म्हणजे कड फाटत नाही. वरून ॲक्रिलिक लावायचं असेल तर ते सुताराकडून भोकू नका, हमखास तडकतं. जिल्ह्याच्या ठिकाणी दुकानांच्या पाट्यांची ॲक्रिलिक अक्षरं लेसरवर कापून देणारे असतात. त्यांना तुमच्या पुठ्ठ्यावरची मापं द्या.

आणि बटणं घेताना कुणी आमच्या धंद्यातली पुश बटणं सुचवली तर नाही म्हणा. त्यांचं भोक २२.५ मिमीचं, स्प्रिंग दणकट आणि दाब खोल. मोटर चालू करायला ती उत्तम. मेटल स्लगमध्ये गोळ्या झाडताना मात्र बोट थकून जाईल.

वायरिंगचं तत्त्व साधं आहे. बटण दाबलं की एन्कोडर बोर्डावरचा (बटणांचे इशारे यूएसबीनं कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या बोर्डावरचा) एक पिन ग्राउंडला जोडला जातो, बस. प्रत्येक बटणाचं एक टोक ग्राउंडला. ही एकच वायर बटणाबटणातून माळेसारखी फिरवता येते. दुसरं टोक स्वतंत्र वायरीनं आपापल्या पिनवर. मायक्रोस्विचला तीन पाती असतील तर कॉमन आणि एनओ (दाबल्यावर जुळणारं) वापरा, एनसी (दाबल्यावर सुटणारं) रिकामं. सोल्डर नको, पात्याच्या मापाचे फीमेल लग क्रिम्प करून लावा, पातं ४.८ मिमीचं की २.८ चं ते आधी बघा, लग त्यानुसार येतात. क्रिम्पिंग टूलनंच दाबा, पक्कडीनं दाबलेला लग आज बसतो आणि दिवाळीत पाहुण्यांसमोर सुटतो. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबरची फेरूल (वायरीवर चढवायची छोटी नळी) घाला. कारखान्याच्या पॅनेलमध्ये आम्ही ती सोडत नाही, तुम्हीही सोडू नका. जॉयस्टिक वायर करताना एक लक्षात ठेवा: दांडी मध्ये कडीवर टेकलेली असते, त्यामुळं वर ढकलली की खालचा स्विच वाजतो आणि डावीकडं नेली की उजवा. दिशा उलट्या आल्या तर पहिला संशय इथं घ्या.

एन्कोडरचं आता ठरवा, नंतर नको. किटमध्ये बहुधा ‘झीरो डिले’ नावाचे दोन सारखे बोर्ड असतील. काम चोख करतात, पण रास्पबेरी पायला दोघांचं नाव एकच दिसतं, आणि वीज जाऊन आली की कधीकधी पहिला खेळाडू दुसरा होतो. आपल्याकडं वीज जाऊन येण्याचं प्रमाण बघता हा त्रास नेहमीचा. दोन्ही वायरी ठरलेल्या यूएसबी पोर्टमध्येच लावल्यानं बराच फरक पडतो. कायमचा उपाय म्हणजे दोन्ही खेळाडूंसाठी एकच बोर्ड, जो कीबोर्ड म्हणून काम करतो. आय-पॅक हा त्यातला तयार. थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल तर रास्पबेरी पाय पिको हा छोटा वेगळा बोर्ड. हिशेब बघा: चार दिशा, सहा बटणं, स्टार्ट, कॉइन, म्हणजे खेळाडूमागं १२, दोघांचे २४. पिकोला २६ पिन वापरता येतात. दोन उरतात, त्यावर ‘बाहेर पडा’ आणि ‘थांबवा’ घ्या. मेमच्या मूळ सेटिंगप्रमाणे पहिल्या खेळाडूला बाणाच्या कळा, डावा कंट्रोल, डावा ऑल्ट, स्पेस, डावा शिफ्ट, झेड, एक्स. कॉइनला ५, स्टार्टला १. दुसऱ्याच्या दिशांना आर-एफ-डी-जी, कॉइनला ६, स्टार्टला २. बाहेर पडायला एस्केप, थांबवायला जुन्या मेममध्ये पी, नव्यात एफ५. हेच ठेवलं तर एमुलेटरमध्ये फार काही बदलावं लागत नाही.

जुना कीबोर्ड उघडून त्याच्या सर्किटला वायरी जोडायचा सल्ला अजून ऐकू येतो. पैसे वाचतात खरे. पण साध्या कीबोर्डच्या कळा आडव्या-उभ्या जाळीत जोडलेल्या असतात, आणि दोघं एकदम बटणं बडवायला लागले की काही कळा गिळल्या जातात. एकट्यानं खेळताना ते लक्षातही येत नाही.

‘बाहेर पडा’चं बटण पॅनेलच्या वरच्या बाजूला लावू नका. धाकटं लेकरू मोठ्याला हरवता येईना की तेच दाबतं. फळीच्या खाली किंवा कॅबिनेटच्या बाजूला, हात घालून शोधावं लागेल अशा जागी ठेवा. स्टार्ट आणि कॉइन मात्र समोर, पण ठोशांच्या बटणांपासून दूर, वरच्या कडेला.

बटणांत एलईडी हवे असतील तर ते ५ व्होल्टचे की १२ चे ते तपासा. एक एलईडी साधारण २० मिलिअँपिअर खातो. बारा खेळायची आणि चार स्टार्ट-कॉइनची, सोळा बटणांचे ३२० होतात. यूएसबी २ च्या एका पोर्टची मर्यादाच ५०० ची, त्यात एन्कोडरही आला. त्यापेक्षा त्यांना वेगळा ५ व्होल्टचा ॲडॉप्टर द्या आणि त्याची वायर एन्कोडरच्या पिनांजवळून नेऊ नका. १२ व्होल्ट चुकून सिग्नलच्या पिनवर गेले तर बोर्ड गेलाच समजा.

रास्पबेरी पाय फळीखाली चिकटवू नका. परभणीच्या मे महिन्यात बंद पेटीत तो तापून स्वतःहून वेग कमी करतो. मॉनिटरच्या मागं, पंख्याजवळ, हवा येईल तिथं बसवा. हवेच्या भोकांना बारीक जाळी ठोका. उबेला पाली येतात, आणि उंदरांना मऊ वायरी आवडतात.

सगळं जोडून झालं की सनमायकावरचा प्लास्टिकचा पापुद्रा काढायच्या आधी, पॅनेल पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून दोन संध्याकाळी खेळा. लेकरांना खेळू द्या, तुम्ही फक्त त्यांचे हात बघा. कुठलं बटण न बघता सापडत नाही आणि मनगट कुठं उचललं जातंय ते दिसेल. १२ मिमीची फळी तेव्हाही बदलता येते. कॅबिनेटला हिंज लागल्यावर आणि वर चित्र चिकटल्यावर कुणी बदलत नाही.